सात नंबरची खाच

१

वर्षातून एकदा टाकी साफ करायची असते, आणि त्या दिवशी फिटर सगळ्यांच्या आधी कामावर येतो. कुणी सांगितलेलं नाही. एकतीस वर्षं येतो म्हणून येतो. फाटकाजवळच्या फळीवरून आपला पितळी बिल्ला काढायचा, सात नंबरचा, तो खिशात टाकायचा, हातोडी घ्यायची आणि टाकीकडे निघायचं.

कारखाना खळीचा. कापडाला कडकपणा आणते ती खळ. ती जिथे मुरते ती लोखंडी टाकी आडवी पडलेली आहे, तीस पावलं लांबीची. आत माणूस वाकूनच उभा राहील एवढी तिची उंची. वरच्या अंगाला दोन तोंडं, एक पुढे, एक मागे, झाकणं बोल्टांनी आवळलेली. वर्षभराचा गाळ तळाशी बसतो आणि कुजतो. त्याचा आंबट वास एकदा कपड्यांत शिरला की चार धुण्यांना दाद देत नाही.

फिटर हातोडीने टाकीचं पोट ठोकत जातो. बद्द वाजतं तिथवर गाळ, ठण्ण वाजतं तिथे मोकळं. खडूने रेघ मारायची आणि पुढे सरकायचं. डॉक्टर माणसाची पाठ ठोकून बघतो त्यातलाच प्रकार, फक्त टाकी खोटं बोलत नाही असं फिटर म्हणायचा.

त्या सकाळी शेवटची रेघ मारून झाली आणि हाताच्या सवयीने त्याने आणखी दोन ठोके दिले. साफसफाईच्या दिवशी बाहेरच्याने दोन ठोके दिले म्हणजे आतल्या माणसाला विचारलं, ठीक आहेस का? आतल्याने एक ठोका द्यायचा, ठीक आहे. तीन दिले तर ओढा. एवढीच ती भाषा. आत काम करताना तोंडावर फडकं असतं, पंख्याची घरघर असते, हाक कुणाला ऐकू जात नाही.

आतून एक ठोका आला.

झाकणं दोन्ही बंद होती. बोल्टांवर वर्षाचा गंज चढलेला होता.

फिटर हातोडी धरून उभा राहिला. मग स्वतःवरच खेकसला. लोखंडाला ऊन लागलं की ते ताणतं, ताणलं की वाजतं. सगळी हयात लोखंडात घालवलेल्या माणसाला हे कुणी शिकवायला नको. खडू खिशात टाकून तो चहाच्या टपरीकडे वळला. पुन्हा दोन ठोके देऊन बघावं असं त्याला वाटलं होतं, पण त्याने ते दिले नाहीत.

ऊन अजून टाकीपर्यंत आलेलं नव्हतं.

२

तीन वर्षांपूर्वी त्या टाकीत नळवाला मेला.

माणूस साधा. पाइप जोडायचा, बिड्या ओढायचा, रडवेल्या आवाजात विनोद सांगायचा. त्या वर्षी उतरायच्या सोडतीत बिल्ला त्याचा निघाला आणि तो उतरला. बाहेर हातोडी फिटरच्या हातात होती. दर पाच मिनिटांनी फिटर दोन ठोके द्यायचा आणि आतून एक यायचा. तासभर असं चाललं. बाहेरच्यांनी डबे उघडून जेवणं उरकली. तास संपल्यावर दोर ओढला तर दोर जड लागला. डॉक्टर म्हणाला, आतल्या खराब हवेने गेला, आणि उतरल्यावर दहा मिनिटांतच गेला असणार. अंग पार गार पडलेलं होतं.

मग उरलेली पन्नास मिनिटं ठोके कोण देत होतं?

डॉक्टरचा अंदाज चुकला असेल, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. फिटरनेही ठरवलं. पण एक गोष्ट त्याने कुणाला सांगितली नाही. आत काम करणारा माणूस ठोका ऐकतो, हातातली खरवडणी खाली ठेवतो, चाचपून हातोडी उचलतो, मग उत्तर देतो. दोन श्वास तरी जातातच. नळवाल्याचे शेवटचे ठोके लगेच येत होते. विचारणं पुरं व्हायच्या आत उत्तर. फिटरला तेव्हा वाटलं होतं, गडी आज जोरात आहे.

आणि दुसरी एक गोष्ट होती. ती तर त्याने बायको जाईपर्यंत तिलाही सांगितली नव्हती.

टाकीत कुणी उतरायचं हे बिल्ले काढून ठरतं. टोळीतल्या सगळ्यांचे बिल्ले चहाच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचे, डबा हलवायचा, आणि सगळ्यांत जुन्या माणसाने तोंड फिरवून एक काढायचा. सगळ्यांत जुना माणूस फिटर. हात त्याचा. इतक्या वर्षांत त्याचा स्वतःचा बिल्ला एकदाही निघाला नाही. लोक म्हणायचे, काकांचं नशीब जबर आहे. फिटर म्हणायचा, नशीब बिशीब काही नसतं, ज्याचं लिहिलेलं असतं त्याचा निघतो. नळवाल्याच्या बायकोसमोरही तो हेच बोलला होता. ती बिचारी मान हलवून ऐकत होती.

खरी गोष्ट अशी की सात नंबरचा बिल्ला एकदा लोखंड आवळायच्या शिकंज्यात सापडला होता आणि त्याच्या कडेला खाच पडली होती. बोटाला लगेच कळते. लोक ज्याला नशीब म्हणत होते ती ही खाच होती. चार वेळा ती फिटरच्या बोटाला लागली. चारही वेळा त्याने ती सोडली आणि शेजारचा बिल्ला उचलला. तिघे धडधाकट वर आले. चौथा नळवाला.

३

"मामा, तुमचा डबा," जावयाने डबा पुढे केला. जावई वेल्डर, त्याच कारखान्यात, चौदा नंबरचा बिल्ला. तीन वर्षांपूर्वी तो दुसऱ्या खात्यात होता, यंदा टाकीच्या टोळीत आला. "तिने सांगितलंय, जेवल्याशिवाय हात बिल्ल्यांच्या डब्यात घालू नका. आणि घातलात तर नीट घाला."

आदल्या संध्याकाळी लेक बापाशी भांडलेली होती. दोन लहान मुली मांडीवर घेऊन भांडली.

"बाबा, उद्या हात तुमचाच ना?"

"हात माझा असला तरी हातात काय असतं? लिहिलेलं असतं तेच निघतं."

"मग तुम्ही कशाला हवेत? मांजराला काढायला सांगा."

"जास्त बोलू नकोस."

"मी बोलणारच. बिल्ला निघाला तर हे उतरतील, मागे हटायचे नाहीत, एवढं मला माहीत आहे. मला एवढंच सांगायचंय की निघाला तर ते लिहिलेलं होतं असं माझ्यासमोर येऊन म्हणू नका. मी त्या नळवाल्याची बायको नाही."

फिटर रात्रभर नव्हे, पण बराच वेळ जागा होता. आणि त्याने ठरवलं. यंदा खाच बोटाला लागली की सोडायची नाही. शोधायची. लागेपर्यंत शोधायची आणि तीच काढायची. पुढच्या महिन्यात तसंही नोकरी संपून घरी बसायचं होतं. एकदा ठरवलं की फिटरचं ठरलं.

झाकणं उघडली. मागच्या तोंडावर मोठा पंखा बसवला, तो आतली हवा ओढून बाहेर फेकू लागला. नळवाल्यानंतर आलेली एवढीच सुधारणा. आठ जण पुढच्या तोंडाशी जमले. डबा पंपवाल्याच्या हातात होता. पंपवाल्याला चष्मा होता आणि तो पेपर वाचायचा, म्हणून त्याला सगळे मास्तर म्हणायचे.

"काका, एक शंका आहे," मास्तर डबा हलवत म्हणाला. "सगळं आधीच लिहिलेलं आहे ना? मग मी हे हलवतोय कशाला?"

"हलव गुमान."

"नाही, सांगा ना. लिहिलेलं असेल तर नशिबाला कामच काय उरलं? आणि नशीब असेल तर लिहिणाऱ्याने काय लिहिलं?"

"तू हलवणार हेही लिहिलेलंच आहे. आपल्याला ते वाचता येत नाही, म्हणून आपण त्याला नशीब म्हणतो. झालं?"

"तुम्हाला तसंही काय वाचता येतं?"

सगळे हसले. दोर धरून बसलेला पैलवान तर खोकेपर्यंत हसला. पैलवान म्हणजे गोण्या उचलणारा हमाल, आयुष्यात कुस्ती खेळलेला नाही, पण मान तशी.

"आकडे येतात वाचता," फिटर म्हणाला. "आण इकडे."

त्याने तोंड फिरवलं आणि हात आत घातला. पितळ गार होतं. पहिल्याच बिल्ल्यावर बोट फिरवलं आणि खाच लागली. फिटरच्या छातीत बरं वाटलं. एवढं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. तो बिल्ला चिमटीत धरताना बोटाची मागची बाजू दुसऱ्या एका बिल्ल्याला घासली.

त्यालाही खाच होती.

त्याने पहिला सोडला, दुसरा चाचपला. खाच. तिसरा. खाच, त्याच जागी, तेवढीच खोल. सगळे आठ त्याने एकेक करून बोटांतून काढले, आणि आठांच्या आठांना ती होती.

"काका, मुक्काम टाकलात का आत?" पैलवानाने विचारलं.

वय झालं की बोटं बधिर होतात. सकाळपासून हातोडी धरलेली, मुंग्या आलेल्या असतील. फिटरने एक बिल्ला मुठीत धरला, हात बाहेर काढला आणि मूठ जराशी उघडून एकट्याने पाहिलं.

कड गुळगुळीत होती. नंबर चौदा.

समोर जावई उभा होता. हाताची घडी घालून, सहज, बसची वाट बघणाऱ्या माणसासारखा.

"सात," फिटर म्हणाला आणि मूठ आवळली. "माझाच आहे."

एकदम गलका झाला. मास्तर म्हणाला, नको, परत काढू. पैलवान म्हणाला, या वयात कशाला. जावई पुढे आला.

"मामा, तुमच्या जागी मी जातो."

"बिल्ला तुझा निघालाय का?"

"नाही, पण..."

"मग मागे हो. परतपरत काढायचा असेल तर काढायचाच कशाला?"

आत उतरणाऱ्याने आपला बिल्ला पुढच्या तोंडाजवळच्या आकड्याला टांगायचा असतो, म्हणजे आत कोण आहे ते सगळ्यांना दिसतं. वर येताना तो काढून घ्यायचा. फिटरने बिल्ला टांगला, नंबर टाकीकडे आणि कोरी पाठ लोकांकडे. दोर कमरेला बांधला, फडकं तोंडाला बांधलं, आणि शिडीवरून उतरला. बाहेरची हातोडी जावयाने घेतली.

४

आत दिव्याचा उजेड दहा पावलं पोचत होता. गाळ घोट्याच्या वर, खालून ऊबदार. मागच्या टोकाला पंख्याच्या पात्यांमागे उजेडाची गोल चकती थरथरत होती. फिटरने खरवडणी चालवायला सुरुवात केली. काम ओळखीचं होतं. इतरांना उतरवताना वरून किती वेळा सांगितलं होतं, कडेने खरवड, मधे पाय ठेवू नकोस. आता स्वतःला सांगत होता.

वरून दोन ठोके आले. फिटरने खरवडणी ठेवली, हातोडीकडे हात नेला.

मागच्या टोकाकडून एक ठोका वाजला.

त्याचा हात तसाच राहिला. घुमलं असेल. एवढी लांब नळी, आवाज तिकडे जाऊन परत आला असेल. पण मग दोन यायला हवे होते. त्याने विचार तिथेच सोडला आणि बादली भरली. बादली वर गेली, रिकामी होऊन खाली आली. पुन्हा दोन ठोके. या वेळी फिटर मुद्दाम हलला नाही. श्वासही रोखून धरला.

एक. लगेच. आणि आधीपेक्षा जवळ.

वर जावई समाधानाने पुढची पाच मिनिटं मोजू लागला असेल. मामा ठीक आहेत. फिटरला तेव्हा कळलं की आपण इथे आडवे पडलो तरी वर सगळं ठीकच चाललेलं असणार. तासभर. डबे उघडून जेवणं होतील. आणि लोकांना वाटेल, म्हातारा आज जोरात आहे.

डोकं जड झालं होतं. गाळ हलला की त्यातून हवा सुटते, ती गोडसर लागते, बसावंसं वाटतं. हे त्याला माहीत होतं आणि तरी बसावंसं वाटत होतं. त्याने दिवा उचलून मागच्या बाजूला धरला. तो अजून जिथवर गेला नव्हता तिथे गाळाला साय धरलेली, एकही पाऊल उमटलेलं नाही. पण भिंतीवर, गाळाच्या जरा वर, पालथ्या पडलेल्या माणसाचा हात पोचेल एवढ्या उंचीवर, लोखंड रुपयाएवढं चकचकीत झालं होतं. बाकी सगळी भिंत काळी. एकदा ठोकून असं लखलखत नाही. रोज ठोकायला लागतं.

फिटरने हातोडी उचलली आणि जिवाच्या जोराने तीन ठोके दिले. ओढा.

तिसऱ्याला चिकटून चौथा वाजला. तो त्याचा नव्हता.

दोर हलला नाही. तीनला अर्थ होता, एकला अर्थ होता. चार ठोक्यांना या कारखान्यात कधी काही अर्थच नव्हता. मग कुणीतरी ओरडलं. वरून पत्र्यावर धावणारी पावलं पुढून मागे गेली. पंखा बंद पडला. दोर कमरेत रुतला आणि फिटर मागच्या मागे गाळात पडला, दिवा विझला. उताणा घसरत जाताना त्याला लांबवर ती उजेडाची चकती दिसली, आता पात्यांशिवाय. आणि त्या चकतीतून दोन पाय खाली उतरत होते.

५

पैलवानाने त्याला वर ओढून पत्र्यावर आडवं केलं. फिटर ओकला. आभाळ इतकं पांढरं होतं की डोळे दुखले.

"जावई कुठाय?"

मास्तरचा चष्मा घामाने घसरत होता. "चार ठोके आले काका. चार म्हणजे काय, कुणालाच कळेना. आवाज मागच्या टोकाचा होता. तो म्हणाला, मामा तिकडे पडलेत. पंखा काढला आणि मागून उतरला. मी म्हटलं थांब, बिल्ला तरी टांग. म्हणाला, आता बिल्ला कुठे शोधू."

फिटरने मान वळवली. आकड्याचा बिल्ला वाऱ्याने फिरला होता. नंबर आता बाहेर होता.

मास्तरने तो वाचला. मग फिटरकडे पाहिलं. "काका, तुम्ही सात म्हणालात."

"म्हणालो."

"पण हा तर..."

"वाचता येतंय ना तुला? मग विचारतोस कशाला." त्याने जावयाची हातोडी उचलली, टाकीवर दोन ठोके दिले.

एक ठोका आला. लगेच.

"ऐकलंत?" पैलवान हसलाच. "ठीक आहे तो! श्वास घ्या काका. बसा जरा."

फिटर बसला नाही. "ठीक असलेला माणूस एवढ्या लवकर बोलत नाही," तो म्हणाला, आणि उठून उभा राहिला. "पंखा पुढच्या तोंडाला लावा. आत्ता. दोर माझ्या कमरेलाच राहू दे, मागून सोडा. आतून काहीही आलं, एक येवो, तीन येवोत, ऐकायचं नाही. शंभर मोजायचे आणि ओढायचं. दोघांना."

"काका, एकदा वाचलात," मास्तर म्हणाला. त्याच्या आवाजात आता वाद नव्हता. "तुमचं लिहिलेलं नव्हतं. आणि त्याचं जर लिहिलेलंच असेल..."

"त्याचं असेल तर माझं त्याच्यामागे जाणंही त्याच पानावर असेल. नसेल तर मी लिहितो. डबा आण."

त्याने हात घातला. उरलेल्या सात बिल्ल्यांमध्ये आता एकालाच खाच होती, बोटाला लगेच लागली, नेहमी लागायची तशी. या वेळी ती त्याने सोडली नाही. सात नंबर काढला आणि आकड्याला चौदाच्या वर टांगला, सगळ्यांना दिसेल असा. मग पत्र्यावरून तीस पावलं चालत मागच्या तोंडाशी गेला.

आतून वास येत होता. काळोख होता. जावयाला हाक मारली, उत्तर आलं नाही. फिटरने फडकं घट्ट केलं आणि शिडीवर पाय ठेवला. मागे पैलवानाने मोठ्याने मोजायला सुरुवात केली.

तिसऱ्या पायरीवर त्याला खालून ठोका ऐकू आला. कुणी विचारलेलं नव्हतं. एक ठोका, अगदी पायाशी, अगदी समजुतीने. ठीक आहे.

"गप बस," फिटर म्हणाला, आणि उतरला.